धक्का सुटला की देश सुटतो: ब्रिटनहून क्रूझला जाण्याआधी

साउदॅम्प्टनच्या धक्क्यावरून जहाजात चढताना ब्रिटनचा कुठलाही अधिकारी आपल्या पासपोर्टवर शिक्का मारत नाही. कंपनीची माणसं कागद बघतात, हातातल्या पिशव्या विमानतळासारख्या यंत्रातून जातात, एक फोटो निघतो आणि थोड्या वेळात आपण आत असतो. बाल्कनीत उभं राहिलं की समोर तेच गाव, फोनला तेच नेटवर्क, घड्याळात तीच वेळ. आपण देश सोडतोय असं वाटतच नाही.

पण सोडत असतो. जहाज धक्क्यापासून सुटलं की ब्रिटनमध्ये ज्या गोष्टींची आपल्याला सवय झालेली असते त्या एकेक करून मागे राहतात: सरकारी दवाखाना, फोनचा महिन्याचा प्लॅन, खिशातला व्हिसा. क्यूनार्ड कंपनीच्या क्वीन मेरी २ या जहाजाच्या मागच्या भागावर नोंदणीच्या गावाचं नाव वाचा. साउदॅम्प्टन नाही, हॅमिल्टन दिसेल, म्हणजे बर्म्युडाची राजधानी. क्यूनार्डने २०११ मध्ये आपल्या जहाजांची नोंदणी ब्रिटनमधून तिकडे हलवली. साउदॅम्प्टनहून सुटणाऱ्या इतर अनेक जहाजांवर बहामा किंवा माल्टाचे झेंडे असतात. तरंगतं हॉटेल म्हणून आपण तिकीट काढतो, कायद्याच्या नजरेने मात्र ते दुसऱ्या मुलखात नोंदलेलं जहाज असतं.

माझे आई-बाबा चिंचवडहून पहिल्यांदा आमच्याकडे रेडिंगला आले, तेव्हा मी याच गोष्टीला अडखळलो. त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं होत होती. नॉर्वेच्या फ्योर्डची, म्हणजे डोंगरकड्यांमधून आत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाड्यांची, सात रात्रींची क्रूझ मी आधीच घेऊन ठेवली होती. दोघांकडे ब्रिटनचा व्हिसा होता, बोट ब्रिटनहून निघून ब्रिटनलाच परत येणार होती आणि नॉर्वे काही युरोपीय संघात नाही. मग वेगळा व्हिसा कशाला, असं मी धरून चाललो. नॉर्वे संघात नाही हे खरं, पण शेंगेन करारात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे. बुकिंग करून देणाऱ्याने विचारलं नाही, मीही त्याला विचारलं नाही. आगाऊ भरलेले पैसे गेले ते गेलेच. आईने काढून ठेवलेले लोकरीचे कपडे पुन्हा बॅगेत गेले, ते जास्त लागलं. म्हणून हा लेख व्हिसापासूनच सुरू करतो.

कागद आधी, केबिन नंतर

भारतीय पासपोर्ट असेल तर ब्रिटनहून जाणाऱ्या जवळपास प्रत्येक क्रूझला दोन स्वतंत्र परवानग्या लागतात. एक, जिथे जायचंय तिथली. दुसरी, ब्रिटनमध्ये परत यायची.

पहिलीत बहुतेकदा शेंगेन व्हिसा येतो. फ्रान्स, स्पेन, पोर्तुगाल, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स, जर्मनी, नॉर्वे, आइसलँड हे सगळे त्यात आहेत. स्पेनची कॅनरी बेटं आणि पोर्तुगालचं मदैराही त्यात आहे, नकाशात ती आफ्रिकेच्या कुशीत दिसत असली तरी. व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणाराच मागावा. समजा बोट आधी स्पेनला गेली, मग शेंगेनबाहेरच्या एखाद्या बंदराला थांबली आणि परत स्पेनला लागली. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर मधल्या मुक्कामाने तो संपल्याचं मानलं जाऊ शकतं आणि मग वाद कुणाशी घालणार? अर्ज कोणत्या देशाकडे करायचा तेही ठरलेलं आहे: जिथे जास्त दिवस असाल त्या देशाकडे, आणि दिवस सारखे असतील तर जिथे पहिल्यांदा पाऊल ठेवाल त्या देशाकडे. क्रूझचं वेळापत्रक पुढ्यात घेऊन बंदरं मोजावी लागतात.

आई-बाबांसाठी कळीचा मुद्दा पुढे आहे. शेंगेनचा अर्ज साधारणपणे माणूस जिथे कायदेशीर रहिवासी आहे त्या देशातून करायचा असतो. सहा महिन्यांच्या पाहुण्या व्हिसावर लंडनला आलेली व्यक्ती ब्रिटनची रहिवासी धरली जात नाही. अपवादाने अर्ज घेतला जाऊ शकतो, पण त्यावर सहल बेतू नये. आई-बाबांचा शेंगेन व्हिसा त्यांनी मुंबईहून किंवा पुण्याहून निघण्यापूर्वीच झाला पाहिजे. म्हणजे क्रूझ ठरवायची ती त्यांचं विमान ठरवतानाच, ते आल्यावर नव्हे. पासपोर्ट मागच्या दहा वर्षांत काढलेला हवा आणि शेंगेनमधून बाहेर पडण्याच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा हवा. उपचारांसाठी किमान ३०,००० युरोंचा विमाही अर्जासोबत लागतो.

‘आम्ही उतरणारच नाही, बोटीतच बसून राहू’ हा मार्ग अनेकांना सुचतो. मलाही सुचला होता. बहुतेक कंपन्या तो मान्य करत नाहीत. लागणारा व्हिसा नसेल तर साउदॅम्प्टनलाच अडवतात, कारण आजारपणामुळे किंवा बिघाडामुळे कुणालाही कुठेही उतरवायची वेळ येऊ शकते. अशा वेळी पैसे परत मिळत नाहीत, कारण कागद पुरे करणं ही प्रवाशाची जबाबदारी असं करारात लिहिलेलं असतं.

आयर्लंडचं गणित निराळं. बेलफास्ट ब्रिटनमध्ये, डब्लिन आणि कॉर्क दुसऱ्या देशात, आणि तो देश शेंगेनमध्येही नाही. ब्रिटिश बेटांना वळसा घालणाऱ्या क्रूझमध्ये ही तिन्ही नावं एकाच पानावर शेजारी शेजारी असतात. ब्रिटनच्या काही प्रकारच्या व्हिसांवर भारतीयांना थोड्या दिवसांसाठी आयर्लंडला जाता येतं, सगळ्या प्रकारांवर नाही. आपला प्रकार कोणता ते अर्ज करतानाच्या कागदांवर पाहून पक्कं करावं.

आता परतीची परवानगी. ब्रिटनचा नेहमीचा पाहुणा व्हिसा मुदतीत अनेकदा आत येऊ देतो, त्यामुळे आई-बाबांना तिथे सहसा अडचण नसते. अडचण होते ती इथे नोकरी करणाऱ्या आपल्याच मुलांना. कामाच्या व्हिसाची मुदत वाढवण्याचा अर्ज ब्रिटनमध्ये राहून केलेला असेल आणि निकाल यायचा असेल, तर त्या काळात देशाबाहेर जायचं नसतं. ब्रिटन, आयर्लंड, चॅनल बेटं आणि आइल ऑफ मॅन यांच्या सामायिक क्षेत्राबाहेर पाऊल पडलं की तो अर्ज मागे घेतला असं मानलं जातं. विमानाने जाताना हे लोकांच्या ध्यानात असतं. क्रूझ म्हणजे ‘इथूनच इथे’ असं वाटतं, म्हणून विसरतं. जहाजाने स्पेनचं एक बंदर केलं तरी नियम तोच. ज्यांनी नवा पासपोर्ट काढलाय त्यांनी तो आपल्या ऑनलाइन व्हिसा खात्याशी जोडून घ्यावा, नाहीतर परतताना जुनाच नंबर पुढे येतो.

ज्यांनी ब्रिटिश नागरिकत्व घेतलंय त्यांच्या वाट्याला यातलं थोडंच येतं. म्हणूनच एका कुटुंबात सून-मुलगा ब्रिटिश पासपोर्टवाले आणि सासू-सासरे भारतीय पासपोर्टवाले असतील तर बुकिंग करणाऱ्याच्या डोक्यात स्वतःचेच नियम असतात. प्रत्येक पासपोर्ट वेगळा धरून तपासा.

लंडन म्हणजे कुठलं लंडन

क्रूझच्या जाहिरातीत ‘लंडनहून’ असं लिहिलेलं असतं, तेव्हा बंदर साउदॅम्प्टन असू शकतं, डोव्हर असू शकतं, टिलबरी असू शकतं. साउदॅम्प्टन आणि डोव्हर दोन्ही लंडनपासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, पण एक नैर्ऋत्येला, दुसरं आग्नेयेला. टिलबरी त्यातल्या त्यात जवळ, थेम्सच्या काठावर. याखेरीज हॅरिच, पोर्ट्समथ, लिव्हरपूल, टाइन नदीवरचं न्यूकॅसल आणि स्कॉटलंडमधली काही बंदरंही आहेत. मँचेस्टर किंवा ग्लासगोला राहणाऱ्यांनी घराजवळच्या बंदरातून निघणारी लहान बोट आधी शोधावी. फ्रेड ओल्सनसारख्या कंपन्या उत्तरेतल्या बंदरांवरूनही जातात. साउदॅम्प्टनपर्यंतचा दिवसभराचा प्रवास आणि रात्रीचं हॉटेल वाचतं.

तरीही गर्दी साउदॅम्प्टनलाच, आणि त्यामागचं कारण समुद्राने दिलेलं आहे. कोकणात वाढलेल्या माणसाला भरती-ओहोटी कळते: सहा-सव्वासहा तास पाणी चढतं, तितकाच वेळ उतरतं. साउदॅम्प्टनला पाणी वर येतं, जरा खाली जातं आणि पुन्हा वर येतं. एका भरतीत दोन शिखरं. वर चढलेलं पाणी दोन-तीन तास तसंच टिकून राहतं आणि मग साडेतीन-चार तासांत भरभर ओसरतं.

समोरचं आइल ऑफ वाइट हे बेट भरतीचे दोन भाग करतं, म्हणून असं होतं, असं तिथले लोकही सांगतात. ते बरोबर नाही. इंग्लिश खाडी म्हणजे एक लांबट परात समजा. परात हिंदकळली की एका टोकाला पाणी चढतं तेव्हा दुसऱ्या टोकाला उतरतं, मध्यावर मात्र फारसं हलत नाही. डोव्हर एका टोकाजवळ आहे, साउदॅम्प्टन मध्याजवळ. मुख्य भरती तिथे मुळात बेताची, त्यामुळे उथळ तळाला घासून तयार होणाऱ्या, दुप्पट वेगाने वरखाली होणाऱ्या छोट्या लाटेचा परिणाम तिथे उठून दिसतो. ती लाट मोठ्या भरतीच्या माथ्याला मधोमध खळगा पाडते. झाली दोन शिखरं. उधाणाच्या दिवशीही तिथला चढउतार चार मीटरच्या आसपास राहतो. लिव्हरपूलला तो आठ मीटरहून अधिक होतो, म्हणून तिथे जहाज तरंगत्या धक्क्याला लागतं.

आज साउदॅम्प्टनला यायचा मार्ग उपसून खोल केलेला आहे, क्रूझच्या बोटी भरतीसाठी खोळंबून राहत नाहीत. पण बंदराचं नशीब या टिकून राहणाऱ्या पाण्यानेच काढलं. टायटॅनिक १० एप्रिल १९१२ रोजी इथूनच सुटली. आजचं ओशन टर्मिनल त्याच गोदीत आहे. निघताना केबिनमध्ये बॅगा लावत बसू नका, वरच्या डेकवर जा. जहाज ब्रॅम्बल नावाच्या वाळूच्या पट्टीला वळसा घालून सोलेंटमध्ये, म्हणजे किनारा आणि आइल ऑफ वाइट यांच्यामधल्या अरुंद समुद्रात, शिरतं. ११ नोव्हेंबर २००८ ला क्यूनार्डची क्वीन एलिझाबेथ २ ही बोट शेवटच्या भेटीसाठी येताना याच पट्टीत रुतली होती. मोठ्या ओहोटीला ही वाळू तासभर उघडी पडते, तेव्हा वर्षातून एकदा दोन नौकानयन क्लब तिथे होड्यांनी जाऊन क्रिकेट खेळतात आणि पाणी घोट्याला लागलं की खेळ आवरतात.

टर्मिनल पाच आहेत आणि ती एकमेकांच्या शेजारी नाहीत. ओशन आणि क्वीन एलिझाबेथ २ ही दोन पूर्वेच्या गोदीत, चार नंबरच्या फाटकातून. सिटी, मेफ्लॉवर आणि २०२१ मध्ये सुरू झालेलं होरायझन ही पश्चिमेकडे. टॅक्सीवाल्याला ‘क्रूझ टर्मिनल’ एवढंच सांगून भागत नाही, आणि टर्मिनल ऐनवेळी बदलूही शकतं. निघायच्या आदल्या दिवशी तिकिटावरचं नाव पुन्हा वाचा. वॉटर्लूहून साउदॅम्प्टन सेंट्रलला रेल्वेने साधारण सव्वा-दीड तास लागतो. मुंबईहून येणाऱ्यांनी त्याच दिवशी हीथ्रोला उतरून बोट गाठायचं धाडस करू नये. विमान आणि क्रूझ वेगवेगळं घेतलेलं असेल तर विमानाच्या उशिरासाठी जहाज थांबत नाही आणि पैसेही कुणी देत नाही.

बोट लागणे

मराठीत गाडी लागते तशी बोटही लागते. ‘एवढी मोठी बोट, कशाला हलतेय’ असं म्हणून लोक निश्चिंत राहतात. आयोना आणि आर्व्हिया या पी अँड ओ या ब्रिटिश क्रूझ कंपनीच्या बोटींवर पाच हजारांहून अधिक प्रवासी मावतात, आणि अशी जहाजं खरंच कमी हलतात. पण बिस्केचा उपसागर त्यांनाही हलवतो.

फ्रान्सचा पश्चिम किनारा आणि स्पेनचा उत्तर किनारा यांच्या काटकोनात हा उपसागर आहे. अटलांटिकच्या लाटा हजारो किलोमीटर बिनअडथळा येतात. तळ चार हजार मीटरहून खोल असतो आणि एकाएकी दोनशे मीटरच्या आत येतो. इतकी ताकद घेऊन आलेल्या लाटेला पसरायला जागा उरत नाही, मग ती उभी राहते. स्पेन, पोर्तुगाल, कॅनरी, भूमध्य समुद्र, यांतलं कुठलंही ठिकाण ब्रिटनहून गाठायचं तर हा पट्टा जाताना आणि येताना पार करावा लागतो आणि त्यात साधारण एक दिवस जातो. उन्हाळ्यात तो कित्येकदा शांत असतो. ऑक्टोबर ते मार्च त्याच्यावर भरवसा ठेवू नये. पहिलीच क्रूझ असेल आणि बरोबर म्हातारी माणसं असतील तर जून-जुलैतली नॉर्वेची घ्या. उत्तर समुद्रही खवळतो, पण फ्योर्डच्या आत शिरलं की पाणी तळ्यासारखं होतं.

जहाजाच्या दोन्ही कुशींना पाण्याखाली पंख असतात. ते डाव्या-उजव्या बाजूचं डोलणं बरंच कमी करतात. नाक वर-खाली होणं त्यांना रोखता येत नाही. म्हणून केबिन निवडताना लांबीच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावरची घ्यावी. झोपाळ्याच्या दोरीसारखंच हे आहे: वर अडकवलेल्या टोकाजवळ हालचाल थोडी, खालच्या टोकाला जास्त. जहाजात फक्त उलट, मध्य आणि तळ स्थिर. वरच्या मजल्यावरची पुढची बाल्कनी फोटोत छान दिसते आणि लाटा उठल्या की सगळ्यात जास्त हिंदकळते.

गोळी मळमळ सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही, आधी घ्यावी लागते. आपल्याकडच्या अव्होमिन किंवा स्टुजेरॉनने गुंगी येते, आणि वय झालेल्या माणसाला गुंगीत हलत्या जिन्यावर तोल जाण्याचा धोका असतो. डॉक्टरांना विचारून, एखादी गोळी घरीच घेऊन बघावी. आल्याचा तुकडा, कोरडी पोळी, मोकळी हवा आणि क्षितिजावर ठेवलेली नजर याने बराच फरक पडतो. रिकाम्या पोटी मात्र राहू नये.

जहाजावरचा डॉक्टर

ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांचा सगळ्यात मोठा गैरसमज इथे असतो. जहाजावर सरकारी आरोग्यसेवा नाही. बोट साउदॅम्प्टनच्या धक्क्याला बांधलेली असतानाही तिथला डॉक्टर खाजगीच असतो आणि प्रत्येक तपासणीचं बिल केबिनच्या खात्यावर पडतं. युरोपीय देशांतल्या सरकारी दवाखान्यासाठी ब्रिटन जे आरोग्य कार्ड देतं, तेही जहाजावर चालत नाही.

दवाखाना चांगला सुसज्ज असतो: डॉक्टर, परिचारिका, ईसीजी, रक्ततपासणी, मोठ्या बोटींवर क्ष-किरणही. त्याचं काम रोग्याला सावरून पुढच्या बंदरापर्यंत नेणं. छातीत दुखलं, पाय मोडला, तर माणूस स्पेनच्या कोरुन्या किंवा नॉर्वेच्या बर्गनमधल्या इस्पितळात उतरवला जातो आणि बोट ठरल्या वेळी पुढे निघून जाते. मग बरोबरच्या माणसाचं राहणं, नंतरची विमानं, कधी हेलिकॉप्टर, हा खर्च क्रूझच्या तिकिटाच्या कितीतरी पट होतो.

म्हणून विमा घेताना त्यात ‘क्रूझ’ हा शब्द लिहिलेला आहे का ते बघा. साध्या प्रवास विम्यात तो अनेकदा नसतो. मधुमेह, रक्तदाब, बसवलेला स्टेंट हे सगळं सांगायचं. आपल्याकडे ‘तसं काही विशेष नाही, एक गोळी चालू आहे’ असं म्हणायची पद्धत आहे. विमा कंपनी तीच गोळी दाखवून दावा नाकारते. आणखी एक: ब्रिटनमधल्या बहुतेक प्रवास पॉलिसी फक्त इथल्या रहिवाशांना मिळतात. पाहुण्या आई-बाबांचा विमा भारतातूनच, क्रूझ धरून आणि आधीचे आजार धरून घ्यावा. हे व्हिसाच्या कामाबरोबरच उरकतं.

औषधं मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह आणि आठवडाभर जादा. ती हातातल्या पिशवीतच ठेवायची, कारण धक्क्यावर दिलेल्या मोठ्या बॅगा केबिनच्या दाराशी यायला संध्याकाळ होते. हातही साबण-पाण्याने धुवायचे. जुलाब-उलट्यांचा नोरोव्हायरस बंदिस्त जागेत झपाट्याने पसरतो आणि दाराशी ठेवलेल्या अल्कोहोलच्या जेलला तो फारशी दाद देत नाही. लक्षणं दिसली तर लपवू नका. केबिनमध्ये दोन-तीन दिवस काढावे लागतात, पण शेजारच्या ऐंशी वर्षांच्या माणसाचे हाल वाचतात.

पैसे आणि फोन

जहाजावर रोख चालत नाही. सगळं केबिनच्या कार्डावर, शेवटी बँकेच्या कार्डावर. पी अँड ओवर हिशेब पौंडात, क्यूनार्डवर आणि अमेरिकी कंपन्यांवर डॉलरमध्ये. अमेरिकी कंपन्या दर माणशी दर दिवशी बक्षिसीची रक्कम आपोआप जोडतात. पी अँड ओने ती प्रथा २०१९ मध्ये बंद करून भाड्यात धरली. दोन जाहिरातींची तुलना करताना हा फरक मोजला पाहिजे. दारूचं पॅकेज बहुधा केबिनमधल्या दोन्ही मोठ्या माणसांना घ्यावं लागतं, तेव्हा एकच जण पिणारा असेल तर ते परवडत नाही.

शक्य असेल तर पैसे ब्रिटिश क्रेडिट कार्डावर भरा. १०० पौंडांहून महाग आणि ३०,००० पौंडांपर्यंतच्या खरेदीत विक्रेत्याने करार मोडला तर १९७४ च्या ग्राहक पतकायद्यानुसार कार्ड देणारी बँकही जबाबदार असते. वादळामुळे एखादं बंदर गाळलं तर मात्र सहसा भरपाई मिळत नाही. ही उंच जहाजं वाऱ्यापुढे शिडासारखी असतात आणि अरुंद बंदरात शिरायचं की नाही हा निर्णय कप्तानाचा. मनात एकच बंदर धरून क्रूझ घेऊ नका.

फोन धक्का सुटतानाच विमान मोडवर टाकायचा. किनारा दूर गेला की तो जहाजाचं उपग्रह नेटवर्क पकडतो. युरोपसाठी घेतलेला रोमिंग प्लॅन त्याला लागू होत नाही आणि बिल छातीत धडकी भरवणारं येतं. जहाजाचं वायफाय विकत घेऊन व्हॉट्सॲप चालतं. पण भारतातल्या बँकेचा ओटीपी सिमवर येतो, समुद्रात तो येणार नाही. बाबांना त्याच आठवड्यात विजेचं बिल किंवा विम्याचा हप्ता भरायचा असेल तर निघण्यापूर्वी भरून टाकायला सांगा.

ताट, निरांजन आणि भोंगा

शाकाहारी जेवणाची चिंता आता तितकीशी करू नये. जैन किंवा कांदा-लसूण नसलेलं हवं असेल तर बुकिंगच्या वेळीच कळवावं आणि पहिल्या रात्री जेवणघराच्या प्रमुखाला भेटावं. तो दुसऱ्या दिवशीचा मेनू आदल्या रात्री दाखवून हवं ते करवून देतो. तिथे कोंकणी किंवा मराठी कानावर पडली तर आश्चर्य वाटू देऊ नका. गोव्याचे तारवटी एकोणिसाव्या शतकापासून पी अँड ओच्या बोटींवर स्वयंपाक आणि वाढप सांभाळत आले आहेत. मुंबईत धोबीतलावच्या आसपास गावागावांचे कूड, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक राहण्याच्या जागा, उभे राहिले ते बोटीचं काम मिळेपर्यंत या लोकांना डोकं टेकायला जागा हवी म्हणून. पुढे व्हिसा काढून आम्ही गेलो, तेव्हा आमच्या बोटीवर मडगावच्या एका मुलाने आईला पहिल्याच रात्री विचारलं, ‘‘मावशी, वरण-भात करून आणू?’’ त्यानंतर तिने सात दिवस दुसऱ्या कुणाच्या टेबलावर बसायला नकार दिला.

घरून चिवडा, खाकरा बंद पाकिटात नेता येतो. डबे भरून शिजवलेलं अन्न बहुतेक बोटींवर चालत नाही. पेढे, तुपातले लाडू, म्हणजे दुधाचे पदार्थ, खिशात घालून युरोपच्या बंदरावर उतरू नये, तिथे बाहेरून आणलेल्या दुधा-मांसाला बंदी आहे. आणि ज्योत पेटेल असं काहीही बोटीवर नेता येत नाही: निरांजन, उदबत्ती, कापूर. इस्त्री, किटली, छोटा कुकरही काढून घेतात. समुद्रात अग्निशमन दल येत नाही, त्यामुळे यात सवलत नसते. आईने देवाचा छोटा फोटो नेला आणि समोर फूल ठेवलं.

बहुतेक ठिकाणी जहाज धक्क्याला लागतं, पण काही बंदरांत बाहेर नांगर टाकून लहान होड्यांनी किनाऱ्यावर नेतात. जुन्या कोकण बोटीतून पडावात उतरलेल्या माणसांना ही कसरत माहीत आहे. गुडघेदुखी असेल किंवा चाकाची खुर्ची असेल तर अशी बंदरं किती आहेत ते बुकिंगपूर्वीच विचारा. ‘पॅरिस’ असं लिहिलेलं बंदर ल हाव्र असतं आणि तिथून पॅरिस जवळजवळ दोनशे किलोमीटर. जाऊन-येऊन दिवसाचे सहा तास बसमध्ये जातात. वयस्कर माणसांना त्यापेक्षा शेजारचं ऑनफ्लर हे जुनं बंदर दाखवावं. स्वतः फिरायला गेलात तर परतायची वेळ जहाजाच्या घड्याळाने मोजा, स्पेनच्या घड्याळाने नव्हे, दोन्हींत तासाचा फरक असू शकतो. कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर बोट थांबते. आपल्यासाठी थांबत नाही.

मोठ्या बोटीने नॉर्वेचा गैरांगर फ्योर्ड पाहायचं मनात असेल तर फार पुढे ढकलू नका. जागतिक वारसा असलेल्या फ्योर्डमध्ये नॉर्वेने मोठ्या जहाजांना २०३२ पासून धूर न सोडण्याची अट घातली आहे.

सगळ्यात आधी, पहिल्याच संध्याकाळी, एक काम असतं: आपली जमायची जागा प्रत्यक्ष चालत जाऊन बघायची. सात लहान आणि एक लांब भोंगा झाला की सगळं सोडून तिथे जायचं. टायटॅनिकनंतर १९१४ मध्ये जहाजांच्या सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. पूर्वी हा सराव निघाल्यानंतर चोवीस तासांत केला तरी चाले. १३ जानेवारी २०१२ ला इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आपटून ३२ माणसं गेली. त्या संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांचा सराव व्हायचाच होता. आता तो निघण्यापूर्वी किंवा निघताक्षणी व्हावा लागतो. आई-बाबांना इंग्रजी सूचना कळतील असं धरू नका; त्यांच्याबरोबर जा, जिने मोजा, केबिनपासून डावीकडे की उजवीकडे ते त्यांच्याकडून म्हणवून घ्या.

शेवटच्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायच्या, पण सकाळचे कपडे, गोळ्या आणि पासपोर्ट बाजूला काढून. उतरायला नऊ-दहा वाजू शकतात, म्हणून परतीचं विमान दुपारनंतरचंच घ्यावं. जाताना ज्या इमारतीत पासपोर्टवर कुणी शिक्का मारला नव्हता, तिथेच आता सरहद्दीचे अधिकारी बसलेले असतात. आई-बाबांचा व्हिसा बघून ते कुठे राहणार, कधी जाणार, हे अधिकारी विचारू शकतात. मुलाचा पत्ता आणि भारतात परतायचं तिकीट छापून त्यांच्याच पर्समध्ये ठेवा. फोनमधलं चालत नाही असं नाही, पण सात दिवस विमान मोडवर असलेला फोन नेमका तेव्हाच नेटवर्क शोधत असतो.